सात नंबरची खोली आणि तंजावर

"यंदा महाबळेश्वर नको," मी म्हणाले.

रविवारची सकाळ होती. पोह्यांच्या बश्या पुढ्यात होत्या आणि हे लिंबू पिळत होते. हात तिथेच थांबला.

"का गं? मागच्या वेळी लॉजवाले काही बोलले का तुला?"

"कुणी काही बोललं नाही. फेब्रुवारीत आपल्या लग्नाला तीस वर्षं होतात. यंदा दुसरीकडे जाऊ या."

आमचं महाबळेश्वर म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. १९९६ साली लग्नानंतर आठव्या दिवशी आम्ही एसटीने तिथे गेलो. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीतल्या एका लहानशा लॉजमध्ये सात नंबरची खोली मिळाली. मधली चारदोन वर्षं सोडली, तर तेव्हापासून तेच गाव, तेच लॉज आणि जमलं तर तीच खोली. गल्ल्यावर आता मालकांचा मुलगा बसतो. खोलीला लाकडी गॅलरी आहे आणि गॅलरीला टेकून जांभळीचं झाड आहे. हे पहाटे उठून विल्सन पॉइंटपर्यंत चालत जातात, सूर्य वर आला की परततात. मग चहा, मग वर्तमानपत्र, मग गॅलरीतली खुर्ची. ह्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. धरणं, कालवे, उन्हातान्हातली कामं, दर तीन-चार वर्षांनी बदली. सुट्टीत कुठे जायचं नाही, कुणाला भेटायचं नाही, काही बघायचं नाही, हा ह्यांचा आग्रह त्या नोकरीतून आलेला आहे. मी तो इतकी वर्षं मान्यही केला.

"दुसरीकडे म्हणजे कुठे? पोरगी बालीचं काहीतरी म्हणत होती."

"बाली नको. काश्मीरही नको, तिथे आपली निम्मी सोसायटी जाऊन आली. तंजावरला जाऊ या."

ह्यांनी बशी खाली ठेवली. "तंजावर? देवळं बघायला? तू कधी देवदेव करणारी नव्हतीस."

देवळांसाठी नव्हतंच ते. तीन वर्षांपूर्वी मी मोडी शिकायला लागले. पहिलं वर्ष नुसत्या अक्षरांत गेलं. दुसऱ्या वर्षी एकदा सरांनी तंजावरच्या कागदाची प्रत वाचायला दिली. पुण्याच्या दप्तरातली मोडी वाचून डोळा जरा सरावलेला होता. इथे अक्षर ओळखीचं होतं, पण भाषेत मधूनच असे शब्द येत होते की वर्गातल्या कुणालाच लागेनात. सर म्हणाले, हे तमिळ मुलखातलं मराठी आहे, ते असंच असणार. तो कागद काही माझ्या डोक्यातून गेला नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे १६७५ च्या आसपास तिकडे गादीवर बसले आणि १८५५ पर्यंत त्या घराण्याचं राज्य टिकलं. म्हणजे पुण्यातली पेशवाई उगवली, मावळली, आणि त्यानंतरही पस्तीसहून जास्त वर्षं कावेरीच्या काठी मराठी राजदरबार होता. शाळेत आम्हाला यावर जेमतेम दोन ओळी होत्या.

मी ह्यांना सगळं सांगितलं. दुसरे सरफोजीराजे १७९८ ते १८३२ गादीवर होते, तेही बहुतेक काळ कंपनी सरकारने सत्ता काढून घेतल्यावर, किल्ल्यापुरते उरलेले राजे म्हणून. पण त्या माणसाने त्या उरलेल्या वेळाचं काय केलं ते बघा, म्हटलं. सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं. तिथे आजही मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. १८०५ च्या सुमारास देवनागरी छापखाना घातला आणि इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. डोळ्यांच्या रोग्यांची टिपणं ठेवली, डोळ्यांच्या चित्रांसकट. आणि बृहदीश्वराच्या आवाराच्या भिंतीवर १८०३ साली सगळ्या भोसले घराण्याचा इतिहास कोरून घेतला. मराठीत, देवनागरी अक्षरात, तमिळनाडूतल्या सगळ्यात मोठ्या देवळांपैकी एकाच्या भिंतीवर.

फोनवर त्या शिलालेखाचा फोटो होता. ह्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, बोटांनी चित्र मोठं केलं आणि अडखळत एक ओळ लावायला घेतली. एक शब्द लागला, 'भोसले'. मग म्हणाले, "दगडावर इतकं बारीक कोरलंय?"

मला वाटलं, जमलं. पण फोन परत देताना हे म्हणाले ते वेगळंच होतं.

"हे सगळं चांगलंच आहे. पण हा तुझा अभ्यास झाला. सुट्टी दोघांची ना? तू भिंत वाचत उभी राहणार आणि मी नंदीच्या मंडपात पिशवी सांभाळत बसणार. त्यापेक्षा तू वर्गातल्या मैत्रिणींबरोबर जाऊन ये. मी अडवणार नाही, पैसेही देतो. महाबळेश्वरला आपण मार्चमध्ये जाऊ."

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ह्यांचं म्हणणं खरंच होतं. ठिकाण एकाच्या आवडीचं असेल तर दुसरा सोबतीला येतो, आणि सोबतीला येणं म्हणजे सुट्टी नाही. मी बश्या उचलल्या आणि विषय तिथेच राहिला.

संध्याकाळी हे स्वतःहून बोलायला लागले. भांडण म्हणून नाही, मला पटावं म्हणून.

"तुला वाटतं मी हट्टाने तिथे जातो. तसं नाही. नवीन गावात पहिले दोन दिवस माणूस वाटाच शोधत असतो. रिक्षावाला किती घेणार, पाणी कुठलं प्यायचं, चप्पल कुठे काढायची, जेवण सोसेल का. डोकं पहाऱ्यावर असतं. महाबळेश्वरला उतरलो की पहारा उठतो. मला तिथली झाडं ठाऊक आहेत. जांभूळ, गेळा, अंजनी. अंजनीला निळा बहर कधी धरतो तेही सांगू शकतो. त्या गॅलरीत तू आणि मी दोन दोन तास न बोलता बसतो, आणि मला कधी अवघडल्यासारखं होत नाही. असं बसायला जमावं म्हणून माणसाला तीस वर्षं लागतात गं. ते सोडून मी परक्या गावात कशाला जाऊ?"

ह्यांच्या बोलण्यातलं हे मला आजही सगळ्यात मोलाचं वाटतं. नवी नवी ठिकाणं धुंडाळणाऱ्यांना ओळखीच्या जागेची किंमत कळत नाही. सात रात्री, आठ दिवस, रोज नवं हॉटेल, पहाटे बॅगा दाराबाहेर, अशा सहलींहून आलेली जोडपी मी पाहिली आहेत. ती पंधरा दिवस दमलेली असतात. त्या बाजूने बघितलं तर ह्यांचं महाबळेश्वर शंभर पटींनी चांगलं.

पण त्या गॅलरीत दोन खुर्च्या आहेत, आणि हे एकाच खुर्चीबद्दल बोलत होते.

"तुम्हाला तिथे काय वाटतं ते तुम्ही सांगितलंत," मी म्हटलं. "मला काय वाटतं, ते सांगू?"

"सांग की."

"२००४ साली धाकट्याला त्याच खोलीत ताप भरला होता, एकशे तीन. तुम्ही कामावरून थकून परस्पर आला होतात, लगेच झोपलात. मी उठवलं नाही. रात्रभर त्याला खांद्यावर टाकून गॅलरीत येरझाऱ्या घालत होते. मग आई आपल्याबरोबर यायला लागल्या. त्यांचा मऊ भात मी लॉजच्या स्वयंपाकघरात उभी राहून लावायचे. दुपारच्या गोळ्या, रात्रीच्या गोळ्या, गरम पाण्याची पिशवी, त्यांना धरून बाथरूमपर्यंत नेणं. तुम्ही सनसेट बघायला बॉम्बे पॉइंटला जायचात तेव्हा मी थर्मास धुवत असायचे. मला राग नाही हो त्याचा. आईंचं मी मनापासून केलं. पण त्या गॅलरीत बसले की मला अजून कुणाच्या तरी औषधाची वेळ झालीय असं वाटतं. तुमचा पहारा तिथे उठतो. माझा नाही उठत."

हे कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे तू कधी बोलली नाहीस."

"तिथे असताना बोलायला सवड नसायची. घरी आल्यावर बोलायला कारण उरायचं नाही."

एवढंच बोलणं झालं. रागवारागवी नाही, रडणं नाही. पण एकाच खोलीच्या दोन आठवणी इतक्या निराळ्या असतील, हे ह्यांना ठाऊक नव्हतं. मी कधी सांगितलं नव्हतं, ही माझीही चूक. आपल्याकडे सुट्टीचं गाव बहुतेक घरांत एकदाच ठरतं. मग मुलं, आईवडील, पाहुणे सगळे त्यात बसवले जातात, आणि घरची बाई स्वयंपाकघर तेवढं पाठीवर घेऊन त्या गावाला जाते. मुलं उडून जातात, म्हातारी माणसं जातात, पण तिच्या हाताची सवय जात नाही. म्हणून म्हणते, दोघंच उरलेल्या जोडप्याने जिथे दोघांपैकी कुणाचीच जुनी ड्यूटी नाही, असं एक गाव शोधावं. मला तंजावर त्यासाठीही हवं होतं. मोडी कागद हे कारण सांगायला सोपं होतं.

रात्री साडेदहाला मी दिवा मालवायला गेले तर हे टेबलापाशी बसलेले. समोर वीजबिलाचा पाठकोरा कागद आणि पेन्सिल.

"अगं, कल्लणई तंजावरपासून जवळच आहे ना?"

"कल्लणई म्हणजे?"

"तुला ठाऊक नाही? इतकं तंजावर वाचतेस आणि कल्लणई ठाऊक नाही? इंग्रजीत ग्रँड अनिकट म्हणतात. कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवलं होतं आम्हाला."

मला खरोखरच ठाऊक नव्हतं. मी राजे वाचले, नदी वाचली नव्हती.

ह्यांनी कागदावर दोन रेघा ओढल्या. "ही कावेरी. श्रीरंगमच्या वर तिला दोन फाटे फुटतात, हा दक्षिणेचा कावेरीचा आणि हा उत्तरेचा कोळ्ळिडम. मधे श्रीरंगमचं बेट. बेट संपतं तिथे दोन्ही फाटे पुन्हा इतके जवळ येतात की कावेरीचं पाणी कोळ्ळिडममध्ये उतरू बघतं, कारण त्याचं पात्र खोल आहे. तसं ते उतरलं तर सरळ समुद्राला जातं आणि तंजावरचा सगळा भात वाळतो. म्हणून इथे," पेन्सिल थांबली, "इथे चोळ राजांनी बांध घातला. करिकालाच्या नावावर सांगतात. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. हजारभर फूट लांब, आणि सरळ नाही, नागमोडी."

"नागमोडी का?"

"ते बघायलाच हवं. पण खरी गंमत पायात आहे. खाली खडक नाही, नुसती वाळू. वाळूवर पाया कसा घेणार? त्यांनी मोठमोठे दगड ओल्या वाळूवर ठेवले. ते आपल्या वजनाने रुतले. त्यांच्यावर आणखी दगड, तेही रुतले. असं करत करत खाली घट्ट थर लागेपर्यंत. वर मातीचा गिलावा. आर्थर कॉटन नावाचा इंग्रज इंजिनिअर एकोणिसाव्या शतकात तिथे आला आणि हे बघून शिकला. वाळूच्या नदीत पाया कसा घ्यायचा हे त्याला त्या जुन्या बांधाने दाखवलं. त्यावरून त्याने वरच्या अंगाला कोळ्ळिडमवर नवा बंधारा घातला आणि पुढे गोदावरीवर धवलेश्वरमला."

तीस वर्षांत ह्यांनी मला धरणाबद्दल असं सलग कधी सांगितलं नव्हतं. ह्यांचं काम म्हणजे माझ्यासाठी उशिरा येणारी जीप आणि चिखलाचे बूट. मीही कधी विचारलं नव्हतं. कागदावर पेन्सिलीने वाळूचे ठिपके काढलेले होते, दगडांवर बारीक नंबर घातलेले होते, आणि कडेला ह्यांच्या त्या सुबक, खात्यातल्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'पाया?'

मग लगेच अडचणही ह्यांनीच काढली. "पण फेब्रुवारीत जाऊन उपयोग नाही. मेट्टूर धरणाचं पाणी १२ जूनला सोडतात आणि २८ जानेवारीला बंद करतात, तशी तिथली वहिवाट आहे. आपण जाऊ तेव्हा पात्र जवळजवळ कोरडं असेल."

"मग जूनमध्ये जायचं?"

"जूनमध्ये तिथलं ऊन तुला सोसायचं नाही." जरा विचार करून म्हणाले, "आणि ऑक्टोबर ते डिसेंबर त्यांचा पावसाळा. फेब्रुवारीच बरा. वर इंग्रजांनी दरवाजे आणि पूल बसवलेत, जुनं काम खाली आहे. पाणी उतरलेलं असलं तर पात्र तरी नीट कळेल. भरलेल्या नदीत नुसतं पाणी दिसतं."

हे आपणच आपल्याला समजावत होते. मी मधे बोलले नाही.

पुढचे चार दिवस आमच्या घरात तंजावर होतं. ह्यांच्या अटी होत्या आणि त्या मी सगळ्या मान्य केल्या. एकाच गावात मुक्काम, रोज बॅगा भरायच्या नाहीत. दिवसाला एकच ठिकाण. दुपारी एक ते चार खोलीत, त्यात सूट नाही. ही शेवटची अट तर तिथल्या देवांनीच पाळलेली निघाली. तमिळनाडूतली बरीचशी देवळं दुपारी बारा-साडेबाराला बंद होतात ती चारच्या सुमाराला उघडतात. हे ऐकून ह्यांना त्या मुलखाबद्दल पहिल्यांदाच आपलेपणा वाटला.

"देवळाचं शिखर किती उंच म्हणालीस?"

"साधारण ६६ मीटर. राजराज चोळाने बांधलं, १०१० साली पूर्ण झालं. सगळं ग्रॅनाइट."

"आणि त्याची सावली जमिनीवर पडत नाही म्हणतात ते?"

"पडते. लोकांनी फोटो काढलेत. उगीच सांगतात."

"बरं झालं," हे म्हणाले. "एवढं बांधल्यावर सावली पडलीच पाहिजे."

"जिंजी बघायची का? राजाराम महाराज तिथे वेढ्यात होते, आता तर युनेस्कोच्या यादीत आपल्या अकरा किल्ल्यांबरोबर तीही आहे."

"दिवसाला एक ठिकाण म्हटलंय ना. जिंजी पुढच्या खेपेला."

'पुढच्या खेपेला' हा शब्द ह्यांनी उच्चारला, तो मी मनात टिपून ठेवला.

मतभेद सगळे मिटले असं मी सांगणार नाही. ह्यांना अजूनही वाटतं की विश्रांती ओळखीच्या जागीच मिळते. मला वाटतं की ज्या जागेची ओळख एकालाच आहे, ती जागा दोघांची नव्हे. तंजावरला तिसऱ्या दिवशी ह्यांना विल्सन पॉइंट आठवेल, हे मला आत्ताच दिसतंय. आठवला तर आठवू दे. मी तेव्हा शिलालेखापाशी असेन आणि ह्यांना हाक मारीन. देवनागरी ह्यांनाही वाचता येतं, आणि दगडावरचं वाचायला दोन माणसं लागतात, एक बोट ठेवायला आणि एक लिहून घ्यायला. कल्लणईला ते बोट ठेवतील, मी लिहून घेईन.

तिकिटं ह्यांनीच काढली. पुण्याहून चेन्नई, तिथे एक रात्र मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची चोळन एक्सप्रेस. रात्रीची गाडी मिळत होती, पण ह्यांनी मुद्दाम दिवसाची घेतली, कारण चिदंबरम, मयिलाडुतुरै, कुंभकोणम करत ती सगळ्या खोऱ्यातून जाते आणि खिडकीतून कालवे मोजता येतात. वीजबिलामागचा तो कागद घडी घालून तिकिटांच्या पाकिटात ठेवला आहे. त्याच पाकिटात माझ्या मोडीच्या वहीतली दोन पानं आहेत.

काल संध्याकाळी ह्यांनी महाबळेश्वरला फोन लावला. मालकांच्या मुलाला म्हणाले, यंदा येत नाही, फेब्रुवारीतला आमचा आठवडा मोकळा कर. तो म्हणाला, काका, तब्येत बरी आहे ना? हे म्हणाले, दोघांचीही उत्तम आहे. सात नंबरची खोली त्याने आज सकाळीच दुसऱ्या एका जोडप्याला दिली.